‘राहणें’, ‘रोखणें’ आणि ‘पाडणें’

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एके दिवशीं सायंकाळीं आमच्या घरीं एक माजी विद्यार्थिनी आली. मी ओसरीवर वाचीत बसलों होतों. मला नमस्कार करून ती थेट आंत गेली आणि तासाभरानें डोळे पुसत निघून गेली. विद्यार्थिनी सरांशीं न बोलतां आंत जाते तेव्हां सरांनीं कांहीं विचारावयाचें नसतें, एवढें शहाणपण तीस वर्षांच्या अध्यापनानें मला आलें आहे. परंतु रात्रीं पान वाढतांना सौभाग्यवतीनेंच विषय काढला. तिनें जें सांगितलें तें त्या मुलीच्या संमतीनें, नांवगांव गाळून, येथें देत आहें.

मुलगी शिकलेली, स्वतः शाळेंत शिकविणारी. पदरीं दोन मुलें. धाकटें अजून वर्षाचेंही नव्हतें. एका रात्रीच्या अनवधानानंतर दुसऱ्या दिवशीं नवऱ्यानें औषधांच्या दुकानांतून ‘बहात्तर तासांची’ म्हणून जी गोळी मिळते ती आणून दिली. गोळी हातांत घेतली तों घरांतील एका वडीलधाऱ्या बाईनें म्हटलें, “यानं पोटातला गर्भ पडतो. पाप आहे तें.” दर गुरुवारीं शेगांवास जाणारी ती मुलगी. तिनें गोळी ट्रंकेंत कपड्यांखालीं ठेवून दिली. पुढें पाळी चुकली. दीड महिना रडण्यांत व एकमेकांची तोंडें चुकविण्यांत गेला. आणि अखेर परगांवीं इस्पितळांत जाऊन, कायद्याला धरून, तिला खरोखरीचा गर्भपात करून घ्यावा लागला. आमच्या घरांत तिनें विचारलें तें एवढेंच : “काकू, ती गोळी तेव्हांच घेतली असती तर तें पाप झालं असतं काय? आणि नसतं झालं, तर मग हें जें झालं तें कोणाच्या माथीं?”

मी वैद्य नाहीं, धर्मशास्त्रीही नाहीं. साहित्य शिकविणें हा माझा व्यवसाय. परंतु हा प्रश्न ऐकल्यावर मला वाटलें कीं, या मुलीचा घात करणारी वस्तु एक शब्द होती, आणि शब्दांची पारख करणें हें तर आमचेंच काम आहे. म्हणून या गोळीविषयीं गेलीं वीस-पंचवीस वर्षें वैद्यांत, धर्मोपदेशकांत, न्यायमंदिरांत आणि वर्तमानपत्रांत चाललेला वाद मीं जमेल तितका वाचला. एखाद्या ग्रंथाचें परीक्षण करावें तसें या वादाचें परीक्षण करण्याचा हा प्रयत्न आहे.

आधीं आपली भाषा पाहूं. मराठींत बाईला ‘दिवस जातात’, ‘दिवस राहतात’, ‘गर्भ राहतो’. नको असलेलें टाळणें म्हणजे ‘रोखणें’. राहिलेलें काढून टाकणें म्हणजे ‘पाडणें’. राहणें, रोखणें व पाडणें या तीन क्रियापदांत आपल्या आज्या-पणज्यांनीं सारा विषय नेमका बसविला होता. जें राहिलेंच नाहीं तें पडणार कसें, हें त्यांना शिकवावें लागलें नसतें. घोटाळा होतो तो ‘राहणें’ म्हणजे नेमकें केव्हां, या एका मुद्द्यावर. संबंध घडला त्या रात्रींच ‘राहिलें’ असें आपण समजतों. आणि म्हणूनच दुसऱ्या दिवशीं घेतलेलें कोणतेंही औषध आपल्याला ‘पाडणारें’ वाटतें. या समजुतींत व्याकरणाची चूक नाहीं. चूक कालगणनेची आहे.

वस्तुस्थिति अशी आहे. स्त्रीचें बीज महिन्यांतून एकदां, साधारणपणें पुढील पाळीच्या चौदा दिवस आधीं, बीजाशयांतून सुटतें आणि सुटल्यावर एक दिवसापलीकडे टिकत नाहीं. पुरुषाचें बीज मात्र स्त्रीच्या शरीरांत पांच दिवसांपर्यंत जिवंत राहूं शकतें. म्हणजे सोमवारीं संबंध घडला आणि गुरुवारीं स्त्रीबीज सुटलें, तर मीलन गुरुवारीं होईल. सोमवारपासून गुरुवारपर्यंत त्या शरीरांत ‘राहिलें’ असें कांहींही नसतें. असते ती केवळ प्रतीक्षा. मीलनानंतरही तो जीवकण नलिकेंतून गर्भाशयांत उतरून त्याच्या अस्तरांत रुजावयास आणखी सहा-सात दिवस किंवा अधिक लागतात. एका रात्रीची म्हणून आपण ज्या घटनेकडे पाहतों ती वस्तुतः आठ-दहा दिवसांची यात्रा आहे, आणि वादाचा सारा प्रश्न असा कीं, गोळी या यात्रेंत कोठें आडवी येते?

हें ज्ञान फार जुनें नाहीं. आपल्या स्मृतींनीं ऋतुकाल सोळा रात्रींचा सांगितला व त्यांतील पहिल्या चार वर्ज्य केल्या, हें ठोकळमानानें ठीकच होतें. उलट एकोणिसाव्या शतकांतील युरोपांतले कित्येक वैद्य दोन पाळ्यांमधील दिवसच निर्धोक म्हणून सांगत, आणि त्यांच्यावर विश्वासणारीं कुटुंबें फसत. १९२० नंतरच्या दशकांत जपानांत ओगिनो व ऑस्ट्रियांत क्नाउस या दोघांनीं स्वतंत्रपणें बीजविमोचनाचा काळ निश्चित केला तेव्हां हा अंधार संपला. १९३५ च्या डिसेंबरांत मार्गारेट सँगर या अमेरिकन विदुषी आमच्या वऱ्हाडाच्या शेजारीं वर्ध्यास महात्माजींना भेटावयास आल्या, तेव्हां या दोघांमध्यें संततिनियमनावर दोन दिवस चर्चा झाली. महात्माजींनीं कृत्रिम साधनें अमान्य केलीं आणि संयमाचा आग्रह धरला. दोघांचें एकमत झालें नाहीं. पण दोघेंही आपापला पक्ष स्वच्छ मांडून बोललीं, आणि नैतिक मतभेदाला शरीरशास्त्राचा खोटा आधार कोणीं दिला नाहीं. आजच्या वादांत मला नेमकी हीच गोष्ट दिसत नाहीं.

ही तातडीची गोळी म्हणजे लेव्होनॉरजेस्ट्रेल नांवाचा कृत्रिम संप्रेरक, दीड मिलिग्रॅम, एकदांच, बहात्तर तासांच्या आंत घ्यावयाचा. दररोजच्या गर्भनिरोधक गोळ्यांत हाच पदार्थ अल्प प्रमाणांत असतो. मेंदूच्या तळाशीं असलेल्या ग्रंथींतून एका विशिष्ट संप्रेरकाचा लोंढा सुटला म्हणजे सुमारें दीड दिवसानें बीज बाहेर पडतें. गोळी त्या लोंढ्याच्या आधीं पोंचली तर लोंढा अडतो किंवा लांबतो, बीज सुटत नाहीं, आणि वाट पाहणारें पुरुषबीज वाट पाहूनच संपतें. लोंढा एकदां सुटल्यावर मात्र ही गोळी जवळजवळ निरुपयोगी ठरते. ‘जितकी लवकर तितकी बरी’ असें वैद्य म्हणतात त्याचें कारण हेंच.

हें केवळ अनुमान नव्हे. चिली देशांतील संशोधकांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलेली एक पाहणी मला फार बोलकी वाटली. गोळी घेणाऱ्या स्त्रियांचें रक्त व बीजाशय तपासून, गोळी बीज सुटण्याच्या आधीं घेतली कीं नंतर, हें त्यांनीं निश्चित केलें. आधीं घेणाऱ्या १०३ स्त्रियांत, गोळी नसती तर सुमारें १६ गर्भधारणा व्हावयास हव्या होत्या. एकही झाली नाहीं. त्याच दिवशीं किंवा नंतर घेणाऱ्या ४५ स्त्रियांत सुमारें ९ अपेक्षित होत्या, ८ झाल्या. साहित्याच्या विद्यार्थ्यालाही या आंकड्यांचा अर्थ लागावा. गोळी जर रुजणाऱ्या जीवकणाला उपटून टाकीत असती, तर या दुसऱ्या गटांत तिनें आपला प्रताप दाखविला असता. तिनें तेथें कांहींच केलें नाहीं. स्वीडनमधील संशोधकांनीं तर २००७ सालीं प्रयोगशाळेंत गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशी वाढवून त्यांवर मानवी जीवकण ठेवून पाहिले. लेव्होनॉरजेस्ट्रेलच्या सान्निध्यांतही ते चिकटले, आणि मिफेप्रिस्टोन या दुसऱ्या औषधाच्या सान्निध्यांत चिकटले नाहींत. पहिलें औषध रोखणारें व दुसरें पाडणारें, हा भेद कांचेच्या बशींतही उमटला.

मग ‘पाडणारी गोळी’ हा प्रवाद आला कोठून? त्याचें जनकत्व अज्ञ बायकांकडे नाहीं, हें लक्षांत ठेवावें. अमेरिकेच्या औषध-नियामक खात्यानें १९९९ सालीं या गोळीला मान्यता दिली तेव्हां वेष्टनावरील माहितींत बीजविमोचन थांबविण्याबरोबरच, जीवकणाचें रुजणें थांबविण्याचीही शक्यता नमूद होती. त्या काळीं पुरावा अपुरा होता आणि सावधपणा म्हणून ती ओळ आली. पुरावा आल्यावर ती काढावयास मात्र डिसेंबर २०२२ उजाडला. या तेवीस वर्षांत त्या एका ओळीनें किती काम केलें! दक्षिण अमेरिकेंतील न्यायालयांनीं तिच्या आधारें सरकारी दवाखान्यांतून गोळी वाटण्यास मनाई केली : चिलींत २००८ सालीं, पेरूंत २००९ सालीं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयांत २०१४ सालीं एका व्यापारी कुटुंबानें आपल्या नोकरांच्या विम्यांत या गोळीचा खर्च समाविष्ट करण्यास धर्मबुद्धीनें हरकत घेतली. न्यायालयानें बहुमतानें त्यांच्या बाजूनें निकाल दिला, आणि गोळी खरोखर काय करते हा प्रश्न न सोडवितांच ‘त्यांची तशी श्रद्धा आहे’ एवढ्यावर भागविलें. श्रद्धेचा मान राखावा हें योग्यच. परंतु पाणी किती अंशांवर उकळतें हा जसा श्रद्धेचा विषय नव्हे, तसाच बीज केव्हां सुटतें हाही नव्हे.

येथवर वाचून कोणास वाटेल कीं, मी वैद्यांचा वकील झालों आहें. तसें नाहीं. वैद्यांच्या पक्षाचाही एक दोष मला दाखवावयाचा आहे. त्यांच्यापैकीं अनेकांनीं वर्षानुवर्षें उत्तर दिलें तें असें : ‘वैद्यकाच्या व्याख्येप्रमाणें गर्भधारणा जीवकण रुजल्यावर सुरू होते, ही गोळी त्यापूर्वींची, सबब हा गर्भपात नव्हे.’ हा युक्तिवाद नव्हे, ही व्याख्येची पळवाट आहे. जो मनुष्य मीलनापासूनच जीव मानतो, त्याच्या प्रश्नाला हें उत्तरच नाहीं. उलट, शब्दाची कक्षा बदलून आपल्याला फसविलें जात आहे असा संशय त्याच्या मनांत दृढ होतो. वास्तविक वैद्यांच्या हातीं याहून कितीतरी सरस उत्तर होतें : ‘जीव तूं मीलनापासून मान कीं रुजण्यापासून मान, ही गोळी मीलनाच्याही आधीं काम करते.’ चरकसंहितेनेंही शुक्र, शोणित व जीव यांचा कुक्षींत संयोग झाल्यावरच त्याला ‘गर्भ’ ही संज्ञा दिली आहे. ती व्याख्या घ्या, ख्रिस्ती धर्मपीठाची घ्या किंवा आधुनिक वैद्यकाची घ्या. या गोळीपुरता तिन्हींचा निकाल एकच लागतो. ज्या वादांत व्याख्या बदलण्याची गरज नव्हती, तेथें ती बदलून पंडितांनीं आपली जिंकलेली बाजू अकारण दुबळी केली.

प्रतिपक्षाचा दोष याहून गंभीर आहे. भ्रूणहत्येला पातक मानणाऱ्या माणसाची मी थट्टा करणार नाहीं. जिवाविषयींचा आदर ही थट्टेची वस्तु नव्हे. पण ज्याला पातकाची इतकी भीति आहे, त्यानें पातक नसलेल्या गोष्टीला पातक म्हणण्यापूर्वीं दहादां विचार केला पाहिजे. कारण त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून कोणी गोळी ट्रंकेंत ठेवतें, आणि दीड महिन्यानें त्याच्याच दृष्टीनें जें खरें पातक, त्या दारापाशीं जाऊन उभें राहतें. माझ्या विद्यार्थिनीनें केलें तें कायद्यानें मान्य आहे आणि मी तिला त्याबद्दल रतीभरही दोष देत नाहीं. पण तिला तें टाळावयाचें होतें. टाळण्याचा उपाय तिच्या हातांत होता. आणि एका चुकीच्या क्रियापदानें तो काढून घेतला.

प्रामाणिकपणासाठीं दोन अपवाद सांगितले पाहिजेत. पांच दिवसांच्या आंत बसविलेली तांबी हाही तातडीचा उपाय आहे, आणि गोळीपेक्षां अधिक खात्रीचा आहे. तांबीचें मुख्य कार्य पुरुषबीज निकामी करणें हें असलें, तरी क्वचित् मीलन झालेला जीवकण रुजूं न देणेंही तिच्याकडून घडूं शकतें. ज्याला तेथेंही आक्षेप असेल त्याला ही गोष्ट लपवून ठेवणें हा विश्वासघात होय. दुसरें असें कीं, ‘कधींच नाहीं’ हा शब्द शास्त्र सहसा वापरीत नाहीं; उपलब्ध पुराव्यांत रुजण्यावर परिणाम दिसत नाहीं, एवढेंच तें म्हणतें. पण अशा सावध वाक्याला ‘म्हणजे कदाचित् होत असेलच’ असें वळवून घेणें हा वाचनाचा दोष आहे, आणि विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत मीं तो पुष्कळदां लाल शाईनें दाखविला आहे.

आपल्याकडे या विषयावर स्वच्छ मराठी लिहिण्याची परंपराच नसती तर मी इतकें दुःख मानलें नसतें. पण ती आहे. गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईस संततिनियमनाचें केंद्र काढलें. त्याच वर्षीं लंडनला मेरी स्टोप्स यांचें निघालें होतें. १९२३ सालीं त्यांनीं मराठींत त्यावर पुस्तक लिहिलें, त्यापायीं प्राध्यापकी गमावली, आणि १९२७ पासून १९५३ सालीं मृत्यु येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक पदरमोड करून चालविलें. १९३४ च्या खटल्यांत त्यांचें वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनीं घेतलें होतें. १९३८ च्या नोव्हेंबरांत डॉ. आंबेडकरांच्याच पक्षातर्फे मुंबईच्या विधिमंडळांत संततिनियमनाचा ठराव आला आणि मोठ्या बहुमतानें फेटाळला गेला. कर्व्यांचीं सर्वच मतें मला पटतात असें नाहीं. त्यांच्या लेखणीला दुसऱ्याच्या भावनेची फारशी पर्वा नसे. पण वाचकानें विचारलेल्या प्रश्नाला ते शरीराचें नांव घेऊन, वाक्य न चोरतां उत्तर देत. आपण त्यांच्यावर चित्रपट काढला. त्यांची वाक्यरचना मात्र घेतली नाहीं.

आजची स्थिति पाहा. २००५ सालीं ही गोळी वैद्याच्या चिठ्ठीवांचून विकण्यास मुभा मिळाली आणि २००७ पासून दूरचित्रवाणीवरील जाहिरातींनीं ती घराघरांत पोंचविली. पण जाहिरातीची भाषा म्हणजे ‘चिंता सोडा’ एवढीच. गोळी शरीरांत काय करते हें सांगावयास तिला वेळ नाहीं. ती जागा मग कुजबुजीनें भरून काढली. त्यांतच गर्भपाताच्या खऱ्या गोळ्या, म्हणजे मिफेप्रिस्टोन व मिसोप्रोस्टॉल, आपल्या देशांत मान्य झाल्या. त्या वैद्याच्या देखरेखीखालींच घ्यावयाच्या असतात. दोन्ही ‘गोळ्याच’, दोन्ही त्याच दुकानांत, दोन्ही कागदांत गुंडाळून मिळणाऱ्या. सामान्य माणसानें त्यांचा एकच जिन्नस केला यांत नवल नाहीं. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्रानें १९८८ सालीं देशांत सर्वांत आधीं कायदा केला आणि मुलींचा घात थांबविण्यासाठीं तो आवश्यकच होता. परंतु त्या कायद्याचें भय, गर्भपाताचा १९७१ चा निराळा कायदा आणि ही गर्भ रोखणारी गोळी, या तीन वेगळ्या गोष्टींची लोकांच्या मनांत एकच काळी छाया झाली आहे. १९७१ च्या कायद्याची पायाभरणी ज्या समितीनें केली तिचे अध्यक्ष शांतिलाल शहा हे आपल्याच राज्याचे आरोग्यमंत्री होते, हेंही फार थोड्यांना ठाऊक असतें.

गोळीची स्तुति करण्याचा माझा हेतु नाहीं. ती नित्याची सोय नव्हे. दर वेळीं ती यशस्वी होतेच असेंही नाहीं. गुप्तरोगांपासून ती रक्षण करीत नाहीं. एखादी पाळी ती मागेंपुढें करते. आणि आधींच गर्भ राहिला असेल तर ती त्याला पाडीत नाहीं. हें शेवटचें वाक्य दुकानदारानें प्रत्येक वेष्टनाबरोबर तोंडीं सांगितलें तरी अर्धा वाद मिटेल. आमचें संग्रामपूर हें सातपुड्याच्या पायथ्याचें लहानसें तालुक्याचें गांव. येथें बाईच्या प्रश्नाला पहिलें उत्तर डॉक्टर देत नाहीं. तें सासू देते, शेजारीण देते, आशा ताई देते. आशा ताईच्या पिशवींत ही गोळी सरकारनें दिली आहे; तिच्या तोंडीं नेमकें वाक्य देण्याचें काम मात्र आपण लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या मंडळींचें आहे. आपल्या घरांतील सुनांना व मुलींना हें कळावें, आणि तें सांगतांना आपली नजर जमिनीकडे वळूं नये, एवढी अपेक्षा या मासिकाच्या वाचक-कुटुंबांकडून करणें गैर होणार नाहीं.

त्या मुलीला उत्तर देणें राहिलें होतें. दिवाळीच्या सुटींत ती पुन्हां आली तेव्हां या वेळीं ओसरीवरच बसली. मी वर लिहिलेलें थोडक्यांत सांगितलें. पहिल्या प्रश्नाचें उत्तर असें कीं, नाहीं. ती गोळी घेतली असतीस तर कांहींही पडलें नसतें, कारण कांहीं राहिलेंच नसतें. ती बराच वेळ गप्प होती. दुसऱ्या प्रश्नाबद्दल मी म्हणालों कीं, जें झालें त्याचें ओझें तुझ्या एकटीच्या माथीं नाहीं. ज्यांना ठाऊक होतें आणि ज्यांनीं सांगितलें नाहीं, त्या आम्हां सर्वांच्या माथीं त्याचा वांटा आहे. तिनें एवढेंच म्हटलें, “सर, माझ्या शाळेंत दहावीच्या मुली आहेत. हें त्यांना कसं सांगावं, तें मला मराठींत लिहून द्या.” हा लेख त्या मागणीचा पहिला खर्डा आहे.